सहाशे शेंडे

आमच्या ह्यांना सगळे सुतळीमास्तर म्हणायचे. शाळेशी त्यांचा संबंध आठवीतच संपला होता, पण टोमॅटोचा वेल सुतळीवर चढवायला त्यांच्याकडून इतकी माणसं शिकून गेली की ते नाव चिकटलं ते चिकटलंच. एकतीस वर्षं आम्ही दोघांनी एकच पीक घेतलं, उंच वाढणारा हायब्रिड टोमॅटो. घराच्या मागच्या दारापासून दहा पावलांवर आमचं पॉलिहाऊस. आत बारा ओळी, ओळीत पन्नास वेल.

हा टोमॅटो झुडपासारखा गुडघ्याएवढा होऊन थांबत नाही. आठवड्याला वीतभर वाढत तो वरच्या तारेकडे चढत राहतो. तारेला टेकला की तारेवरच्या आकड्याला गुंडाळलेली सुतळी थोडी सोडायची, अख्खा वेल हळूच खाली उतरवायचा आणि खालचं उघडं खोड जमिनीलगत आडवं निजवायचं. मग वरचं टोक पुन्हा चढायला मोकळं. हंगाम संपेपर्यंत एकेक वेल तीस फुटांचा होतो. प्रत्येक पानाच्या बगलेत नवी फूट येते, ती दर आठवड्याला खुडायची, नाहीतर आत नुसतं रान माजतं. पण शेंड्याला हात लावायचा नाही. शेंडा गेला की त्या वेलाची वाढ तिथंच खुंटली.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी बगलफूट समजून एका वेलाचा शेंडाच खुडला होता. नवख्याला दोन्ही सारखेच दिसतात. हे ओरडले नाहीत. तो शेंडा माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी नखाने कोवळी पानं बाजूला केली. "हे बघ, ह्याच्या पोटात कळ्या आहेत. कोवळ्या बगलफुटीत नसतात." एवढंच म्हणाले. त्यानंतर माझ्या हातून ती चूक कधी झाली नाही.

रोपं दरवर्षी नवी आणावी लागायची. हायब्रिडचं बी धरून उपयोग नसतो, पुढच्या पिढीत काय निघेल त्याचा भरवसा नाही. आमची एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात औषधांच्या दुकानात नोकरीला. तिच्या खिडकीतलं साधं मनीप्लांटसुद्धा महिन्याभरात माना टाकायचं. हे म्हणायचे, "हायब्रिडचं बी, दुसरं काय!" ती म्हणायची, "बाबा, मी आईवर गेलेय."

ह्यांचं दुखणं सुरू झालं ते शब्दांपासून. वेल सुतळीला अडकवायच्या क्लिपला हे आधी 'चिमटा' म्हणायला लागले, मग 'ते'. मग एकदा पानं कापायची सुरी मला साखरेच्या डब्यात सापडली. वीस वर्षं आम्हाला रोपं देणारा रोपवाला दारात आला, तर ह्यांनी त्याला विचारलं, "आपण कोण?" तो हसला, त्याला थट्टा वाटली. मीही हसले. "चष्म्याचा नंबर वाढलाय हो त्यांचा," म्हणाले. वर्षभर मी असंच सावरून घेत होते. लेकीपुढे मात्र माझी डाळ शिजली नाही. एकाच फोनमध्ये ह्यांनी तिला तीनदा विचारलं, "जेवलीस का?" तिसऱ्यांदाही तिने 'हो' म्हणून सांगितलं. मग म्हणाली, "आईला दे जरा."

डॉक्टरीणबाईंनी ह्यांना घड्याळ काढायला सांगितलं. वर्तुळ झकास काढलं, पण बाराच्या बारा आकडे एकाच बाजूला गर्दी करून बसले. हे कागदाकडे बघत राहिले. बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, पुढं काय काय होईल तेही सांगितलं. सगळं ऐकून ह्यांनी एकच प्रश्न विचारला.

"हा हंगाम निघेल का?"

"हातांच्या सवयी बराच काळ टिकतात," बाई म्हणाल्या. "काम करू द्या. पण एकटं सोडू नका." हे शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून बोलल्या.

लेक म्हणाली, "आई, आत्ताच बंद कर हे सगळं. माझ्याकडे या दोघं." हे म्हणाले, "एक हंगाम. मग तुम्ही म्हणाल तसं." मी ह्यांच्या बाजूने कौल दिला. तो निर्णय माझा होता, आणि तो मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

पहिले चार महिने इतके छान गेले की डॉक्टरांचंच काही चुकलं असेल असं मला वाटायला लागलं. हे एका ओळीत, मी शेजारच्या ओळीत, दोघंही चाकं लावलेल्या शिडीच्या घोड्यावर उभे. सकाळी ऊन वर आलं की हे काठीने तारेवर टकटक करत जायचे, म्हणजे फुलातले पराग झडून फळ धरतं. घरात ह्यांना न्हाणीघराचं दार सापडायचं नाही, पण आत शिरले की बोटं आपोआप चालायची. पानाच्या बगलेत अंगठा, किंचित वाकवणं, कट. अधूनमधून शीळही घालायचे. मी पलीकडून ऐकत असायची आणि म्हणायची, चाललंय तसं चालू दे.

मग माझी दाढ दुखायला लागली. आठवडाभर लवंग चावून काढला. एका पहाटे मात्र गाल एवढा सुजला की डोळा उघडेना. लेकीने फोनवरच दंतवैद्याची वेळ ठरवली. मी ह्यांना खुर्चीत बसवलं, पुढ्यात चहा ठेवला. "आज सुट्टी घ्या. मी दोन तासांत येते. आत जाऊ नका हं."

"तू निवांत जा गं," हे म्हणाले. "मी काय लहान आहे?"

पॉलिहाऊसची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला होती. ती मला दिसली होती. बरोबर घ्यावी असं मनात आलंही होतं. पण ह्यांच्या देखत किल्ली पिशवीत टाकायची मला लाज वाटली.

दंतवैद्याकडे गर्दी होती. दाढ काढून परत यायला साडेबारा झाले. अर्धं तोंड बधिर, ओठ लोंबल्यासारखा. हे पॉलिहाऊसच्या दारात उलट्या क्रेटवर बसले होते, घामाने निथळत, आणि चेहऱ्यावर असं समाधान की कित्येक महिन्यांत मी पाहिलं नव्हतं.

"उरकलं सगळं," हे म्हणाले. "बाराच्या बारा ओळी. तू आपली दाढ सांभाळ."

शेजारी हिरव्या फुटीने भरलेले तीन क्रेट होते. मला आधी बरंच वाटलं. बगलफुटी काढायच्याच होत्या त्या दिवशी. मग वरच्या क्रेटमधून मी मूठभर उचलल्या. एकेक वीतभर लांब. कोवळी पानं बाजूला केली, तर आत कळ्यांचा झुबका. दुसरीतही. तिसरीतही.

मी मान वर केली. पहिल्या ओळीत पन्नास सुतळ्या तारेकडे जात होत्या, आणि सगळे वेल तारेखाली हातभर अंतरावर बोथट होऊन थांबले होते. तुटल्या जागी रस चमकत होता. दुसरी ओळ तशीच. बारावी ओळ गाठेपर्यंत मला कुठंतरी वाटत होतं की ह्यांना मधेच आठवलं असेल, थांबले असतील.

वळले तर हे मागेच उभे. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा. माझ्या मुठीतली एक फूट घेतली, नखाने पानं बाजूला केली, आणि त्यांचा रंग उतरला.

"हे शेंडे आहेत," हे म्हणाले.

हे ओळीओळीतून फिरले. वर बघायचे, वेलावर हात ठेवायचे, पुढं जायचे. मग ओरडले. एवढ्या वर्षांत माझ्यावर असे ओरडले नव्हते.

"कुणी केलं हे? अगं, कुणी केलं?"

"नवा माणूस," मी म्हणाले. बधिर जिभेने ते शब्द नीट फुटलेही नाहीत. "मी ठेवला होता. आजच्या दिवसापुरता."

"मला न विचारता? ज्याला शेंडा आणि बगलफूट कळत नाही, असल्याला आत सोडलंस?" त्यांनी दाराकडे बोट केलं. "घालव त्याला. पुन्हा ह्या दारात पाऊल टाकू द्यायचं नाही. काय?"

"नाही टाकू देणार."

"कबूल कर."

"कबूल."

दिवे लागायच्या वेळेला हे मोरीत हात धूत होते. टोमॅटोच्या वेलात काम केलं की हातांवर काळपट हिरवा थर बसतो, आणि साबण लावला की फेस पिवळाजर्द निघतो. आमच्याकडे ते रोजचंच. त्या दिवशी मात्र हे थांबून फेसाकडे बघत होते. पुन्हा साबण लावला, पुन्हा पिवळा. तिसऱ्यांदा लावला. मी टॉवेल घेऊन मागे उभी.

"माझे हात आज इतके कसे गं भरले?" पाठमोरेच विचारलं. मग नळ बंद केला. "तो माणूस मीच होतो ना?"

दुपारी खोटं बोलता आलं होतं. आता तोंडाचा बधिरपणा उतरला होता, दाढेची जागा ठणकत होती.

"हो," मी म्हणाले.

"सगळे?"

"सगळे."

त्यांनी टॉवेल घेतला आणि एकेक बोट पुसलं. "तुझ्यावर ओरडलो मी."

"असू दे हो."

ते रडले नाहीत. मला वाटत होतं रडावं त्यांनी, म्हणजे मलाही रडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी स्वतःच खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि वरून माझी मूठ मिटवली. "मी मागितली तरी द्यायची नाही. रागावलो तरी नाही. मी विसरणार आहे, तू विसरू नकोस."

हे तिसऱ्या दिवशीच विसरले. सकाळी सहाला कामाचे कपडे घालून दारात हजर. "किल्ली कुठाय?"

तेव्हापासून रोज. फवारणी झालीय, आत जाता येत नाही. किल्ली लेकीकडे राहिली. कुलूप बिघडलंय. मी रोज नवं काहीतरी शोधायची. कधी हे मुकाट्याने खुर्चीत बसायचे. कधी दार गदागदा हलवायचे. एकदा अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी काही चोरलंय का तुमचं? मग मला बाहेर का ठेवलंय?" त्या दिवशी किल्ली माझ्या कनवटीला होती. तीन वेळा हात तिथं गेला. दिली नाही. ज्याला शब्द दिला होता, त्याच्याच तोंडावर मी रोज सकाळी दार लावत होते.

रोपवाला येऊन बघून गेला. "वहिनी, शेंड्याखालची एखादी बगलफूट राहिली असेल तर तीच वर चढवा, तोच नवा शेंडा." पण मास्तरांचा हात साफ. एकही सोडली नव्हती. वाट बघितली तेव्हा ऐंशीएक वेलांनी मागाहून फूट काढली. हे दुपारी झोपले की आत जाऊन मी ती एकटीने सुतळीला बांधली. बाकीच्यांची सगळी ताकद खालच्या घोसांत उतरली. फळं भराभर भरली, लालभडक झाली. आमचा माल घेणाऱ्या दुकानदारांनी निरोप धाडला, मास्तरांनी ह्या वेळी कमाल केली. मी तो ह्यांना सांगितला. खूश झाले. "शेंडे नीट राखले की असंच होतं," म्हणाले.

दोन महिने आधीच सगळं संपलं. वेल उपटायला लेक रजा काढून आली. त्या दिवशी मी ह्यांना आत घेतलं. आता बिघडण्यासारखं काही उरलं नव्हतं. आम्ही सुतळ्या कापल्या, हे वेल ओढून बाहेर नेऊन पसरायचे. एका वेलाशेजारी पावलं टाकत चालले आणि थांबले.

"अठरा फूट. इतके आखूड कसे राहिले ह्या वर्षी?"

लेकीने पाठ फिरवली आणि कितीतरी वेळ एकच सुतळी गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "हवा वाईट होती, बाबा."

"हवेवर काय इलाज," हे म्हणाले आणि पुढचा वेल ओढायला गेले.

पॉलिहाऊस आम्ही रोपवाल्याला चालवायला दिलं. त्याने आत काकडी लावली. लेकीकडे जायचं मी पुढं ढकलत राहिले. परक्या घरात हे आणखी हरवतील, असं तिला सांगायची. हे तरीही रोज सहाला किल्ली मागायचे. लेकीला फोनवर मी म्हणायची, "मला आता ऐकवत नाही गं. एक दिवस तरी मागू नये त्यांनी."

मग एका सकाळी सहा वाजून गेले. हे उठले होते, अंगात घरातलेच कपडे, टेबलाशी बसून कप हातात फिरवत होते. साडेसहा झाले. मी ओट्याशी उगाच भांडी इकडची तिकडे करत होते. सात वाजले. शेवटी मीच जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"अहो, किल्ली हवी का?"

त्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावर पाहुण्याचं, जरा अवघडलेलं हसू.

"कसली किल्ली?" मग शेजारची खुर्ची ओढून म्हणाले, "तुम्ही बसा ना. चहा घेतलात का तुम्ही?"

एकतीस वर्षांत ते मला कधी 'तुम्ही' म्हणाले नव्हते.

"नाही अजून," मी म्हणाले आणि बसले.