अदंतांची रांग

तोंडात दुधाचे दात आहेत तोवर घोडा अदंत. अडीच वर्षांच्या आसपास समोरचे दोन पडतात, त्यांच्या जागी रुंद, पिवळसर दात येतात, आणि त्या दिवसापासून तो दुदाती. मग लाख नवस करा, पुन्हा अदंत होणं नाही. आर्णीच्या जत्रेतल्या पटात, म्हणजे घोड्यांच्या शर्यतीत, अदंतांची रांग वेगळी लागे. पल्ला निम्मा, स्वार हलका, चाबूक बंद. कारण अदंताचं हाड कच्चं असतं. आणि कोण अदंत, कोण नाही, हे सांगायचं एकाच माणसानं, उकंडाबुवानं.

उकंडाचा टांगा बंद पडून पंधरा वर्षं झाली होती. घोडा गेला, चाकं कुण्या हॉटेलवाल्यानं शोभेला दारात लावली. पण घोड्याच्या ओठाखाली अंगठा सरकवून वय सांगायची विद्या तेवढी त्याच्यापाशी उरली. पाहायचीही गरज नव्हती, अंगठा फिरला की पुरे. मालक म्हणे, दोन वर्षांचा आहे. उकंडा म्हणे, कागदावर असंन, तोंडात तीनाचा हाये. एकदा एकानं निकालाआधी कोंबडा आणून दिला. उकंडानं कोंबडा खाल्ला आणि घोडा बाद केला. ही गोष्ट तीन तालुक्यांत अजून सांगतात.

ही विद्या त्यानं एकाच माणसाला शिकवली, नातीला. ममता टांगा गेला त्याच साली जन्मली, म्हणजे पंधराची. नववीत होती, आणि हेडमास्तरांच्या घोडीचं वय तिनं हेडमास्तरांना तोंडावर सांगितलं होतं.

दोन हजार सहाच्या त्या वर्षी कापसानं सगळ्यांना नागवलं. पिकवणाऱ्यांच्या बातम्या निदान पेपरात तरी आल्या. जिनिंगच्या कारखान्यात गाठी वाहणाऱ्यांच्या कोण छापतो? जिनिंगला कुलूप लागलं तसा उकंडाचा मुलगा पुण्याकडे कामाला गेला आणि तिकडचाच झाला. घरात सून कांताबाई, तिची तीन लेकरं आणि हा म्हातारा. अशात जत्रेचे अध्यक्ष वामनराव यांनी जाहीर केलं की यंदा सामूहिक विवाह! सकाळी लग्नं, दुपारी पट. पुण्य आणि करमणूक एकाच मंडपात उरकायची. कांताबाईनं ममताचं नाव दिलं. नवरा दिग्रसकडचा, सव्वीसचा. कांताबाई काही वाईट बाई नव्हती. घरातलं एक ताट कमी होतंय, एवढंच तिला दिसत होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी, सांजच्याला, ममता उकंडाजवळ येऊन बसली.

"आबाजी, उद्या टेबलावर वय विचारतेत म्हणे. मायनं शाळेचा दाखला पेटीत दडवला. मंग घरच्या वडीलधाऱ्याले विचारतीन."

"विचारू दे नं."

"अठराच्या खाली असली तं लगन होत नाई. तुम्ही खरं सांगसान ना?"

"मी कधी खोटं बोललो काय वं?"

ममता हसली. त्या रात्री पोरगी गाढ झोपली. सकाळी हळद लावून घेतली, पिवळी साडी नेसली, मुंडावळ्या बांधू दिल्या, आणि कशालाही नाही म्हटलं नाही. बायका म्हणाल्या, किती समजदार पोट्टी! समजदार कसली, तिला भरवसा होता.

टेबलावर कारकून बसला होता. मागे वामनराव, हातात माइक. कारकुनानं दाखला मागितला.

"शाळेत गेलीच नाई साहेब," कांताबाई म्हणाली. मग सासऱ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मामाजी, लगनाचे भांडे घरात येऊन पडले. पाहुने मंडपात बसले. आता तुमच्याच हाती हाये."

वामनराव हसले. "उकंडाबुवा सांगतीन ते लिहा. त्यायचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. बोला बुवा, झाले ना अठरा?"

ममता आजोबाकडे बघत होती. घोड्याच्या निकालाच्या वेळी बघायची, अगदी तशीच.

उकंडाला लाज वाटली, ती नेमकी कशाची हे त्याला पुढेही कधी धड सांगता आलं नाही. सुनेची? पाहुण्यांची? आयुष्यात कुणाला न भ्यालेला माणूस पंगतीला आलेल्या माणसांना भ्याला.

"झाले," तो म्हणाला.

कारकुनानं लिहिलं. ममतानं मान खाली घातली, ती अक्षता पडून गेल्या तरी वर केली नाही.

दुपारी पट भरला. अदंतांच्या रांगेत सात घोडे आले, सातवी वामनरावांची मैना. गेल्या साली याच रांगेत तिनं पैला नंबर मारला होता. उकंडानं अंगठा सरकवला. समोर दोन रुंद दात, धारदार, ताजे.

"दुदाती हाये. बाद."

आता वामनराव दातओठ खातील, असं सगळ्यांना वाटलं. पण वामनराव पुढारी होते, टाळी कुठे पडते ते त्यांना कळत होतं. त्यांनी माइक घेतला. "अध्यक्षाची घोडी बाद केली! असा सत्यवचनी माणूस जिल्ह्यात सापडायचा नाई!" मैदानभर टाळ्या पडल्या. तिथल्या तिथे शाल आली, नारळ आला. उकंडानं तो सत्कार अंगावर घेतला. नाही म्हणायला आता तोंड कुठे होतं?

तेवढ्यात वऱ्हाडाचा टेम्पो निघायची वेळ झाली. ममता पाया पडायला आली. वाकली, उठली, शालीकडे बघितलं.

"आबाजी, मैनेले काहून काढलं?"

"दात आले वं माय तिचे. लहानायच्या रांगेत मोठी कशी पळू देऊ? लहानायवर जुलूम होते."

"आन् मोठ्यायच्या रांगेत लहानी ढकलली तं?"

ममता पदर सावरून टेम्पोत चढली. मागे माइकवर वामनराव ओरडत होते, "चाबूक खाली ठेवा रे! अदंत हायेत, लेकरं हायेत ते!"

पुढच्या साली जत्रेचं बोलावणं आलं तेव्हा उकंडानं निरोप धाडला की आता डोळ्यांनी दिसत नाही. दात तो अंगठ्यानं पाहायचा, हे अख्ख्या आर्णीला ठाऊक होतं.