नानांच्या बसचा प्रोसेसर

आमचे हे एसटीतून रिटायर झाले तेव्हा मला वाटलं, आता माणूस घरी बसेल, चार गोष्टी बोलेल. कशाचं काय! नवीन, आमचा मुलगा, नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा जुना कॉम्प्युटर धुळ्यातल्या देवपूरच्या घरात पुढच्या खोलीत तसाच राहिला. दिवाळीला आला तेव्हा त्याने त्यात बस चालवायचा गेम टाकून दिला, वर एक प्लास्टिकचं स्टिअरिंगही टेबलाला आवळून दिलं. झालं, ड्रायव्हर परत ड्युटीवर हजर.

गेममधली बस आपल्याकडचीच, लाल. हे सकाळी भाकरी खाऊन खुर्चीवर बसायचे आणि बस स्टॉपवर असल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. मी ब्लाउज शिवते, माझं मशीन त्याच खोलीत. त्यामुळे यांची बस कुठे पोचली ते मला मान वर न करता कळायचं.

धडकली की लगेच कळायचं. मोठा आवाज व्हायचा आणि पडद्यावर लाल अक्षरं यायची. कधी रिक्षा, कधी स्कूटरवाला, एकदा बिचारी शेळी. डेपोत सगळे यांना लोटननाना म्हणत आणि नानांच्या गाडीला कधी ओरखडा नाही असं सांगत. ते खरंच होतं. म्हणून गेममध्ये धडकले की यांचा चेहरा उतरायचा, आणि मग सगळा राग कॉम्प्युटरवर.

‘‘मशीन मांगे पडस,’’ म्हणायचे. ‘‘गाड्या एकदम उगवतात.’’

नवीननेही फोनवर तेच सांगितलं. प्रोसेसर जुना आहे, गर्दीच्या रस्त्यावर त्याला झेपत नाही, समोरच्या गाड्या उशिरा दिसतात. पोरानेच दाखला दिल्यावर काय, यांना कोर्टाचा निकाल हातात आल्यासारखं झालं.

मला मात्र वेगळंच दिसत होतं. रिक्षा काय, शेळी काय, ज्याला म्हणून धडक बसली ते डावीकडून आलेलं. ताटात डावीकडे वाढलेली चटणी तशीच राहायची आणि हे मला विचारायचे, आज चटणी नाही केली का. दाराच्या चौकटीला डावा खांदा तर रोज आपटायचा. मी एकदा बोलूनही गेले, नाचता येईना अंगण वाकडं. यांनी दोन दिवस अबोला धरला.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मे महिन्यात यांच्या ओळखीतले तोतारामभाऊ घरी आले. ते एका शाळेचं काम बघतात. जूनपासून शाळेची व्हॅन चालवायला भरवशाचा माणूस हवा होता, बालवाडीतली पोरं ने-आण करायची होती. भाऊंनी पाणी प्यायच्या आत यांनी हो म्हटलं. त्या संध्याकाळी खाकी पँट शोधून काढली, मला म्हणाले, कमरेला जरा सैल कर. इतके खुश मी त्यांना रिटायर झाल्यापासून पाहिलेले नव्हते.

मला मात्र गेममधली ती शेळी आठवली. ती इवलीशी पोरं, दप्तर त्यांच्यापेक्षा मोठं, आणि व्हॅनमधून उतरायचं डावीकडूनच.

मी म्हटलं, शाळा सुरू व्हायच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ. इतकं म्हणायची खोटी, भडकलेच.

‘‘मना डोयास्ले काही व्हयेल नही,’’ म्हणाले. ‘‘उभी हयात रस्त्यावर गेली माझी. तू मला डोळे शिकवतेस?’’

भांडून उपयोग नव्हता, हे मला लग्नापासून माहीत. म्हणून मी वाकड्या वाटेने गेले. म्हटलं, ठीक आहे, दोष मशीनचाच. मग नवा प्रोसेसर बसवून घ्या. तो बसल्यावर बस कुठेही धडकली नाही तर मी डोळ्यांचं नाव काढणार नाही, खुशाल व्हॅन चालवा. धडकली तर मुकाट्याने डॉक्टरकडे यायचं. हे हसले आणि लगेच कबूल झाले. इतक्या लवकर कबूल झाले की मलाच वाटलं, आपण उगाच संशय घेतो की काय.

रेहान हा नवीनचा वर्गमित्र. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, आता दोन लेकरांचा बाप. तो म्हणाला, या कॉम्प्युटरच्या बोर्डावर अगदी आताचा प्रोसेसर चालणार नाही, पण त्याच पिढीतला सगळ्यात ताकदवान बसवता येईल, तो जुन्या बाजारातच मिळेल. धुळ्यात मिळाला नाही. तो जळगावला माल आणायला गेला तेव्हा तिथून घेऊन आला. हाताच्या अंगठ्याएवढी चौकोनी वडी ती. यांनी ती तळहातावर घेऊन उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, एवढंच इंजिन?

रविवारी दुपारी काम झालं. कॉम्प्युटरचा डबा उघडला तर आत धुळीचा थर. रेहानने तो ब्रशने झाडला, पंखा काढला, जुन्या प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. मग बारीकशी दांडी उचलून जुना प्रोसेसर अलगद बाहेर घेतला. खाली केसासारख्या पिना होत्या. त्यातली एक जरी वाकली तर बोर्ड गेला, असं तो म्हणाला, तेव्हा मी खोलीतला कूलरसुद्धा बंद केला. कोपऱ्याची खूण जुळवून त्याने नवा ठेवला, दांडी दाबली, वर तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट लावून पंखा कसला. कॉम्प्युटर सुरू झाला. थोडा वेळ तो किती तापतो ते पाहून रेहान म्हणाला, ‘‘घ्या नाना, काढा गाडी.’’

यांनी हात पुसले आणि बसले. मी खुर्ची ओढून उजवीकडे बसले, रेहान मागे उभा.

खरं सांगते, बस सुरेख चालली. आधीचे झटके नाहीत, अडकणं नाही. भर बाजारातून हे अशी गाडी काढत होते की मला त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून माहेरी साक्रीला जायचे ते दिवस आठवले. एक स्टॉप गेला, दुसरा गेला. समोरचा ट्रक, उजवीकडून घुसलेली मोटारसायकल, सगळं सांभाळलं. मी पैज लावलेली बाई, पण मनातल्या मनात म्हणत होते, देवा, मला खोटी पाड.

मग एक चौक आला. डावीकडच्या गल्लीतून सायकलवर एक मुलगा निघाला. चांगला लांबून निघाला. मला वाटलं, आता हे ब्रेक मारतील. मग वाटलं, आता तरी मारतील. बस होती त्याच वेगाने पुढे गेली. आवाज झाला, लाल अक्षरं आली.

रेहान म्हणाला, ‘‘रॅम पण कमी आहे नाना. कधी कधी त्यानेही होतं असं. मी वाढवून देतो.’’

तो खोटं बोलत होता हे मला कळलं. आणि मी त्याला अडवलं नाही. उलट वाटलं, बरं बोलला. अजून एक सुटा भाग, अजून थोडे दिवस.

यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नव्हते. पडद्याकडे बघतच विचारलं, ‘‘रेहान, सायकल तुला दिसली होती?’’

रेहान ब्रश पिशवीत भरायला लागला.

‘‘सांग.’’

‘‘दिसली होती नाना. बरीच आधी.’’

मग हे माझ्याकडे वळले. ‘‘नवीननी माय, तुले दखायनी?’’

मी हो म्हटलं.

‘‘माले नही दखायनी,’’ हे म्हणाले.

त्यांनी फोन घेतला आणि तिथेच बसून तोतारामभाऊंना लावला. मला वाटलं, गुडघ्याचं काहीतरी निमित्त सांगतील. पण डेपोत बिघाडाची खबर देत तसं सरळ सांगितलं, ‘‘भाऊ, मला डावीकडचं दिसत नाही. व्हॅनला दुसरा माणूस बघा.’’ पलीकडून तोतारामभाऊ बराच वेळ काहीतरी समजावत होते. हे फक्त ‘नाही’ म्हणत राहिले.

पैज मी जिंकले होते. तरी मला फार वाईट वाटत होतं.

रेहान सामान आवरून निघाला तेव्हा यांनी त्याला दारात थांबवलं. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली आपल्या स्कूटरची किल्ली नखाने ओढून सोडवली आणि त्याच्या हातात ठेवली. रेहान म्हणाला, नाना, हे कशाला, डॉक्टर काय म्हणतात ते तर बघा.

‘‘ठेव तुझ्याकडे,’’ हे म्हणाले. ‘‘माझ्याकडे राहिली तर उद्या दुधाला मी घेऊन जाईनच.’’

दुसऱ्या दिवशी दूध मी आणलं, चालत जाऊन. परत आले तेव्हा हे डॉक्टरकडे जायला तयार होऊन दारात उभे होते, आणि मी नेईन तिकडे हे माझ्या मागोमाग निघाले.