पाण्यात जळणारी आग आणि वहिनीचा ब्रश

अख्खं बंदर धक्क्यावर लोटलं होतं. मी दवाखाना बंद करून आले होते, कारण तपासायला कुणी उरलंच नव्हतं. सकाळी कंबर धरून कण्हत आलेले जाळीवाले आजोबा आता पिंपावर चढून मान उंचावत होते. माझ्या गोळ्यांना जे जमलं नाही ते गर्दीने करून दाखवलं.

मधोमध पाण्याने भरलेला टब आणि त्यामागे दर्यामहाराज. लाल कापडात गुंडाळलेली जेमतेम हातभर काठी कपाळाला लावून ते म्हणाले, "कारखान्यातली आग पाण्याला भिते. माझी आग ही पाण्याची सख्खी बहीण. बहीण बहिणीला विझवेल का?"

सख्ख्या बहिणी भांडताना महाराजांनी कधी पाहिल्या नसाव्यात.

त्यांनी काठीच्या बुडाची दोरी ओढली. फर्रकन लालभडक ज्वाळा निघाली. ती त्यांनी थेट टबात बुडवली. पाणी खदखदलं, धूर उठला, आणि आग आत जळतच राहिली. बाहेर काढली तरी जळत होती. लोकांचे हात आपोआप जोडले गेले, आणि माझा दादा चक्क रडायला लागला.

दादा मासेमारी बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान. गेल्या महिन्यात भर समुद्रात त्याचं इंजिन बंद पडलं. मदतीसाठी त्याने फ्लेअर बाहेर काढले, म्हणजे संकटात पेटवायच्या त्या लाल नळकांड्या. एकही पेटला नाही. योगायोगाने दुसरी बोट तिकडून गेली म्हणून माझा भाऊ आज मला दिसतोय. त्याने नवा संच घेतला खरा, पण मनातून तो हबकला होता. तेवढ्यात हे महाराज उगवले. "कारखान्यातली आग शापित आहे, ती मला देऊन टाका," म्हणाले. बोटीबोटीवरून फ्लेअर गोळा झाले, दादाचा नवा संचही गेला. बदल्यात प्रत्येकाला एक तांब्याची नळी मिळाली. संकटात ती आकाशाकडे धरायची, आत कोंडलेली आग आपोआप धावून येते म्हणे.

आणि दादा उद्या पहाटे ती नळी गळ्यात बांधून समुद्रात जाणार होता. मला भीती वाटत होती. रागही येत होता, पण भीती जास्त.

"दादा, ती नळी उघडून तर बघ."

"उघडली की आग उडून जाते."

"कोण म्हणालं?"

"महाराजच म्हणाले ना. तू डॉक्टर आहेस, तुला काय कळणार समुद्रातलं?"

आमचे वडीलही तांडेलच होते, हे तो सोयीने विसरला होता. मी पुन्हा महाराजांकडे पाहिलं. वाऱ्याकडे पाठ, हात लांब, तोंड फिरवलेलं. दैवी पुरुषाला स्वतःच्याच आगीची एवढी धास्ती का? फ्लेअरच्या वेष्टनावर नेमकी हीच सूचना छापलेली असते.

एवढ्यात वहिनीने मला कोपराने ढोसलं. आमच्या बंदरात चीजवस्तू फार इकडच्या तिकडे होतात, म्हणून प्रत्येक बोटीचा स्वतःचा रंग असतो. आमचा हिरव्यावर पिवळा पट्टा. वहिनी बादली, वल्हं, डाव, काहीही सोडत नाही. एकदा तिने दादाच्या चपलाही रंगवल्या होत्या. तिला चमत्काराचं काही पडलेलं नव्हतं. ती महाराजांनी टबाशेजारी ठेवलेल्या विझलेल्या काठीकडे टक लावून बघत होती.

"डॉक्टरीणबाई, कापडाखाली हिरवं दिसतंय."

"महाराज," मी मोठ्याने म्हणाले, "जरा कापड काढून दाखवता?"

"माझी आग लाजाळू आहे."

"तोंडाला तर काहीच बांधलेलं नाही. लाज काय फक्त मुठीलाच?"

लोक हसले. महाराज मंत्र पुटपुटत मागे सरकले, पण वहिनी तोवर टबापाशी पोचली होती. तिने काठी उचलली, कापड ओढून काढलं. हिरव्यावर पिवळा पट्टा.

"हा माझ्या हातचा पट्टा," ती म्हणाली. "इथे ओघळ आलाय बघा. त्या दिवशी दूध उतू गेलं होतं."

मग लोकांनी महाराजांची पेटी उघडली. आत आटे असलेल्या, रबरी कडी बसवलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात सगळ्या बोटींचे फ्लेअर नीट मांडून ठेवलेले. एकावरही पाण्याचा थेंब नाही. साऱ्या बंदरात फ्लेअरवरची सूचना वाचून पाळणारा माणूस एकच निघाला, आणि तो भोंदू होता.

दादाने नळी फोडली. आत राख आणि डांबराची गोळी.

"पण पाण्यात जळते कशी?" त्याने विचारलं.

"आपल्या चुलीला बाहेरची हवा लागते. फ्लेअरच्या दारूत जळायला लागणारा प्राणवायू आधीच मिसळलेला असतो. म्हणून लाट आली तरी तो चटकन विझत नाही. तसाच बनवलाय तो."

"मग माझे का नाही पेटले?"

"कुठे ठेवले होतेस?"

तो तोंड उघडायच्या आत वहिनीनेच सांगितलं. "इंजिनाजवळच्या फळीखाली. ओल्या दोरांत, डिझेलच्या कॅनला टेकवून."

"म्हणजे नुसते कोरडे ठेवायचे? एवढंच?"

"एवढंच."

त्याचा चेहरा पडला. शाप असता तर त्याला बरं वाटलं असतं. शापात आपली चूक नसते.

महाराज या गडबडीत पसार झाले. आणखी एक गोष्ट मला रात्रभर टोचत राहिली. महाराज आल्यापासून रोज संध्याकाळी धक्क्यावर लाल आग दिसायची. एखाद्या बोटीने खरंच मदतीला पेटवली असती, तर आपण किनाऱ्यावर उभे राहून हात जोडले असते.

म्हणून सांगते. तुमचे फ्लेअर आजच बघा. घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या गार जागी, इंजिन आणि इंधनापासून लांब, पण अंधारातही हाताला लागतील असे ठेवा. मुदत संपली की नवे घ्या. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी कापड काढायला सांगा.

पहाटे दादा निघाला. फ्लेअरचा डबा त्याच्या बसायच्या जागेजवळ पक्का बांधलेला. त्याने हात टेकवला आणि झटकन मागे घेतला.

"अगं, ओला आहे हा."

"रंग आहे," वहिनी म्हणाली. "आतून कोरडा आहे. जा आता."