सदतीस अंशांवर

माझं काम चोराचंच, फक्त पगारी. चिप गुप्त किल्ली वापरून गणित करते तेव्हा तिला लागणारी वीज किंचित कमीजास्त होते. ते उंचवटे पडद्यावर बघत मी किल्ली जुळवत जाते. जी चिप अशी चुगली करत नाही ती पास.

छातीत बसवायच्या हृदययंत्राची चिप तीन वर्षांपूर्वी मीच पास केली. पुढच्याच वर्षी ते यंत्र बाबांना बसवलं.

आमच्या खोलीत एसी कायम वीसवर. चाचण्याही सगळ्या वीस अंशांवर, कारण नियमच तसा. माणसाचं शरीर सदतीसचं असतं, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही. काल ती जुनी चिप मी सहज मुठीत धरून बसले आणि नंतर तपासली, तर ती घडाघडा बोलली. 

आज दुपारी बाबांना बोलावून घेतलं.

"घरी तोंड उघडत नाहीस, आणि इथे माझ्या छातीला तारा लावतेस?"

"बाबा, गप्प बसा ना जरा."

यंत्र आपणहून गणित करत नाही. बाहेरून बिनतारी हुकूम आला तरच किल्ली काढून तो पडताळतं. खोटा असेल तर उंचवटे मध्येच थांबतात; खरा ठरला तर शेवटपर्यंत जातात आणि यंत्र तो पाळतं. मी टेबलावरच्या डब्यातून खोटे हुकूम पाठवत राहिले. तासाभरात बाबांची किल्ली पुरी माझ्यासमोर होती. आता त्यांचं हृदय मला थांबवता आलं असतं. मला स्वतःचीच शिसारी आली.

डबा बंद केला, प्लगही काढला. हे यंत्र उद्याच बदलून घ्यायचं, मनाशी ठरवलं.

पडद्यावर उंचवटे उमटले, मध्येच थांबले.

मी हातातल्या प्लगकडे पाहिलं. खोलीत आम्ही दोघंच. खिडकीखाली रस्त्यावर ओळीने गाड्या उभ्या होत्या, काचा वर केलेल्या.

पुन्हा उमटले. या वेळी जरा पुढे जाऊन थांबले.

"बाबा, उठा. चला इथून, लगेच!"

"अगं, घाबरतेस काय एवढी?" ते तारांवरूनच शर्टाची बटणं लावत हसले. "डॉक्टर दोन यंत्रं दाखवत होते. मी म्हटलं, माझ्या मुलीची सही आहे तेच बसवा."

तिसऱ्यांदा उंचवटे थांबले नाहीत.