दोरा बांधलेला दोडका

कापसाले सोन्याचा भाव होता तवा आमी दारापर्यंत कापूसच पेरला, भाजी तेल्हाऱ्याच्या बाजारातून आणली. भाव पडला तसा बाजार बंद केला आन् न्हाणीच्या पाण्यावर मी दोडक्याचा वेल चढवला. एक चांगला दोडका बियाण्यासाठी लाल दोरा बांधून राखला.

एक दिवस वेलावर तेवढाच होता. माही सहा वर्षांची मैना कोरडी भाकर पाहून म्हणे, "माय, तोच रांध न वं!"

मी तिच्या हातावर चापट मारली. "पुढच्या सालचं बी हाय ते!"

तिनं मंग मागितला नाही. रोज वेलाले पाणी घाले. आठव्या दिवशी पटकीनं नेलं तिले.

दोडका वाळला. मूठभर बी निघालं. मैनाचा बाप म्हणते, लाव.

काहून लावू? त्याच दिवशी भाजी करून घालाले पायजे होती तिले.