नेफ्यातलं इलॅस्टिक

सेफ्टी पिनचं टोक नेफ्यात कुठेतरी अडलं होतं आणि संजीवनीची बोटं कापडावरून त्याला चाचपडत पुढे ढकलत होती... मुंगीएवढा उंचवटा, त्याच्यामागून फरफटत येणारं पांढरं इलॅस्टिक... गेले अकरा महिने, दर भेटीआधी, हेच. तुरुंगाच्या फाटकावर नाडी चालत नाही. नाडीनं माणसं गळफास घेतात, असं पहिल्याच भेटीला शिपायानं सांगितलं होतं, आणि ती घरी येऊन— नाही, घरी बेलवलीपर्यंत पोचलीच नव्हती, वाटेतच पिशवीतल्या पायजम्याची नाडी ओढून काढली होती, जणू नाडी आणखी क्षणभर तिथे राहिली असती तर—

“अगो, नाडी कशाला काढलीस?” सगुणाबाई, तिच्या सासूबाई, दारातून म्हणाल्या. “नवा पायजमा हाय. आता फाटकावर कोनाला दाखवायचाय?”

बोटं थांबली. मिलिंद चार दिवसांपूर्वीच घरी आला होता.

“अरे मिलिंद, बायको तुला परत आत धाडते बघ!” सासूबाई न्हाणीघराकडे ओरडल्या. पाण्याचा आवाज थांबला, आणि मग आतून हसू आलं, ओलं, घोगरं, लांबत जाणारं. तिच्या छातीतून काहीतरी सैल होऊन खाली उतरलं. पाणी पुन्हा सुरू झालं. तांब्यामागून तांब्या, न मोजता.

मोरिवलीतल्या कारखान्याच्या फाटकावर तो कामगारांसाठी बोलला, एवढंच. आरोपपत्र नाही, खटला नाही; सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका म्हणून स्थानबद्ध. आता न्यायालयानं आदेश रद्द केला होता. निर्दोष असं कुणी म्हटलं नाही, कारण दोषी असंही कधी कुणी म्हटलं नव्हतं... या सुटकेला धरायला कडा नव्हती, तरी ती होती, घरभर होती. आणि म्हणूनच वकील ऋतिकाचा कालचा फोन तिनं त्याच्यापासून लपवला होता. विनाखटला कोंडून ठेवणं थांबावं, आतल्यांचे हाल कमी व्हावेत, यासाठी सोमवारी ठाणे शहरात सरकारी समितीपुढे सुनावणी होती. मिलिंदनं बोलावं, अशी विनंती होती. त्याच्या बोलण्यानंच तर... संजीवनीनं ‘नको’ तयार ठेवलं होतं.

तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला. पायजमा उचलून त्यानं नेफा ताणून पाहिला.

“थांब, काढते. नाडी घालते.”

“राहू दे गं. मस्त आहे.” मग जरा वेळानं, कापडाकडेच बघत, “माझ्या बराकीतल्या जनूला कोण शिवून देणार? गावाहून कुणी येत नाही त्याच्याकडे. वर्ष झालं, एका मुठीत पायजमा धरून जेवतो. साहेब आले की सगळ्यांनी हात जोडायचे. त्याला जोडता येत नाहीत. उद्धट म्हणून भेटी बंद केल्या त्याच्या... भेटायला कोण येणार होतं म्हणा!”

त्याला पुन्हा हसू आलं. ते अर्ध्यावरच राहिलं.

“ऋतिकाचा फोन आला होता,” ती म्हणाली. आवाज आपलाच होता का? “सोमवारी ठाण्याला बोलावलंय. आतलं सांगायला.”

तो केस पुसत राहिला. ‘नको’ तिनं शोधलं— जिभेखाली, घशात, जिथे रात्रभर सांभाळलं होतं तिथे. खाली इमारतीच्या फाटकाशी मोटारसायकल थांबली, कुणीतरी हाक मारली, कुणीतरी ओ दिली. आणि नेहमीसारखं, पोलीस आले की काय म्हणून, आपण खिडकीशी धावलो नाही, हे संजीवनीच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.