कोठ्यातली फळी

वाटणीत बैल आम्हाला आले आणि कोंबड्या रुख्माला गेल्या. पंचांनी केलेली वाटणी ती. पण कोंबड्यांना कोण समजावणार?

रुख्मा माझी धाकटी जाऊ. नऊ वर्षं आम्ही एका चुलीवर रांधलं, एकमेकींच्या वेण्या घातल्या आणि भांडलोही पोटभर. शेवटी दिवाळीनंतर भाऊ वेगळे झाले. माझा दीर कवडू याने आमच्याच घरामागच्या वाडीच्या टोकाला झोपडी बांधली आणि मधे बांबूचं कुंपण घातलं. जाताना रुख्माने लेकाच्या डोक्यावर हात ठेवून आण घेतली, की या अंगणात पुन्हा पाय टाकणार नाही. मी म्हटलं, नको टाकू, माझं काय अडलंय?

अडलं ते पहिल्याच संध्याकाळी. इंग्रजांच्या लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं, सगळं उजेडातच उरकावं लागे. मी चूल पेटवत होते, तोच अकरा कोंबड्या कुंपणाच्या फटीतून आल्या, माझ्याकडे न बघता बैलांच्या कोठ्यात शिरल्या आणि रोजच्या फळीवर जाऊन बसल्या. जुन्या बैलबंडीची ती रुंद फळी सासऱ्यांनी बैलांच्या पाठीच्या वर आडवी ठोकली होती. कुंपणापलीकडून रुख्मा 'आ, आ, आ' करून दमली. एकही हलली नाही.

मग तिने त्यांना चार दिवस टोपल्यांखाली कोंडून ठेवलं. पाचव्या संध्याकाळी सोडताच त्या पुन्हा माझ्या दारात.

"बाई, कनकी टाकून टाकून माह्या कोंबड्या ओढून राहिल्या तुमी!" रुख्मा कुंपणावरून ओरडली.

"तुह्या कोंबड्यांले मी कायले कनकी टाकू? माह्या घरची माणसं उपाशी हायेत का?"

देवाशपथ सांगते, मी तांदळाच्या कणीचा एक दाणा टाकला नव्हता. चोरी न करता चोर ठरवलं की माझं डोकं फिरतं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीआधीच मी कोठ्याच्या दाराची बांबूची ताटी लावून घेतली. कोंबड्या ताटीशी धडपडल्या, अंगणभर फिरल्या आणि अखेर अंगणातल्या शेवग्यावर चढल्या.

तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता राहिली नाही. उन्हं कलली की हात कामात राहत नसत. भात चुलीवर करपायचा आणि मी तिसऱ्यांदा ताटी तपासायला गेलेली असायची. कोंबड्यांना हाकलताना बरं वाटत नव्हतं आणि हाकलल्याशिवाय राहवतही नव्हतं. रोज त्या वेळी रुख्मा कुंपणाशी येई, शेवग्याकडे बघे, माझ्याकडे बघत नसे.

पौषात आभाळ आलं. बांधाच्या पाण्यावरून बोचरा वारा सुटला आणि ऐन संध्याकाळी पाऊस लागला. कोरड्या थंडीत कोंबडी पिसं फुलवून निभावते; भिजली की तिचं काही चालत नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं.

रुख्मा डोक्यावर पोतं घेऊन कुंपणाशी आली. "बाई, आजच्या दिवस ताटी उघडा."

"मंग ये ना. तूच उघड."

तिने लेकाची आण घेतली होती हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी तसं म्हटलं. ती बराच वेळ पावसात उभी राहिली आणि निघून गेली. मी ताटी उघडली नाही.

सकाळी शेवग्याखाली काबरी मरून पडली होती. रुख्मा पहिल्या बाळंतपणानंतर आमगावहून परतली, तेव्हा तिच्या आईने टोपलीत घालून दिलेली ती कोंबडी. मी ती पदरात घेऊन कुंपणाशी गेले. रुख्माने ती हातात घेतली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथे उभी असताना मला तिचं नवं खुराडं दिसलं. कवडूने आत बोटाएवढ्या बांबूच्या काड्या लावल्या होत्या. कोंबडी बसते ती पायाची बोटं पोटाखाली घेऊन; असल्या काडीवर बोटं उघडी राहणार आणि गारठणार. आमची फळी रुंद, शिवाय खालून बैलांची ऊब. म्हणून त्या येत होत्या. कनकीसाठी नाही आणि माझ्या मायेनेही नाही.

मी घरी आले, पहारीने फळी उचकटली, डोक्यावर घेतली आणि कुंपणावरून पलीकडे दिली. मागोमाग भाताच्या तणसाच्या पेंढ्या दिल्या.

"चपटी बसव. तीन बाजूंनी तणस लाव, वर हवेले जागा ठेव."

"हो," रुख्मा म्हणाली. तेवढंच.

त्या संध्याकाळी मी ताटी सताड उघडी ठेवली. बैल रवंथ करत होते. कोंबड्या आल्या नाहीत. कुंपणाशी रुख्माही आली नाही. तिला आता यायचं कारणच उरलं नव्हतं. मी घरात गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मला तिची आठवण येत होती, दिवाळीपासूनच येत होती. शेवटी मडक्यातून मूठभर कनकी घेतली आणि कुंपणाशी जाऊन मोठ्याने हाक दिली, "आ, आ, आ!"

रुख्मा ओल्या हातांनी बाहेर आली. माझ्या मुठीकडे तिने पाहिलं.

"काऊन बोलावून राहिल्या, बाई? बसल्या त्या फळीवर. आता नाही येत."

"कोंबड्यांले कोण बोलावून राहिलं?"

ती जागची हलली नाही. तिला हलता येणारच नव्हतं. मी लुगडं खोचलं आणि कुंपणाचे दोन बांबू बाजूला सारले. आण तिने घेतली होती, मी नव्हती घेतली.